निळी ताटली आणि अडकित्ता

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी. नोकरीची बहुतेक वर्षं परभणी जिल्ह्यातच गेली. आधी मानवत, मग येलदरी, मग ताडकळसच्या बाजूची गावं. गाभण न राहणाऱ्या म्हशी, फऱ्या-खुरकतीच्या साथी आणि ऐन पेरणीत लंगडायला लागणारे बैल हे माझं काम, आणि जुन्या इंग्रजी ताटल्या जमवणं हा माझा नाद. हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं हे लोकांना पटवून देताना माझ्या तोंडाला फेस आला. बायकोला तर मी ते आजवर पटवू शकलेलो नाही.

नाद लागला तो हैदराबादला. तिथं एका प्रशिक्षणाला गेलो होतो आणि रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो तिकडं भटकत होतो. शोधत होतो जनावरांच्या खुरांवरचं पुस्तक, हाताला लागलं इंग्रजी मातीकामावरचं. पुठ्ठा गेलेला, पण आतली चित्रं शाबूत. खुरांचं पुस्तक राहिलं ते राहिलंच.

त्या पुस्तकात होतं ते थोडक्यात असं. चीनमधून निळ्या चित्रांची पांढरीशुभ्र भांडी विलायतेत जायला लागली तेव्हा तिथल्या कुंभारांचा जळफळाट झाला. तसली पांढरी माती त्यांच्याकडं नव्हती. मग त्यांनी आपल्या साध्या मातीचंच भांडं घडवलं, भाजलं आणि वरून कथील घातलेला लेप दिला. कथील म्हणजे तेच, जे आपला कल्हईवाला पितळेच्या पातेल्यात आतून फिरवतो. त्या कच्च्या लेपावर निळ्या रंगानं चित्र काढायचं, चुकलं तर खोडायची सोय नाही, आणि पुन्हा भट्टीत घालायचं. भट्टीतून निघताना भांडं दुधासारखं पांढरं होऊन यायचं. हॉलंडातल्या एका गावावरून या कामाला डेल्फ्ट म्हणतात, आणि इंग्रजांनी केलं ते इंग्रजी डेल्फ्ट. पुढं टणक आणि स्वस्त ताटल्या निघाल्या आणि हा धंदा दोनेकशे वर्षांपूर्वी बसला. म्हणजे सगळं सोंगच होतं. मला ते सोंग फार आवडलं.

आता असली ताटली मराठवाड्यात कुठून येणार? हिंगोलीहून, असा माझा हिशोब होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. निजामाच्या काळात तिथं छावणी होती आणि छावणीत गोरे साहेब राहायचे. साहेबाची बदली झाली किंवा साहेब इथंच मेला की त्याचं सामान लिलावात जायचं. ज्यांनी ते घेतलं त्यांची नातवंडं-पणतवंडं अजून आसपासच्या गावांत नांदत होती, आणि त्यांच्या म्हशी अधूनमधून आजारी पडत होत्या. म्हशीला टोचलं, हात धुतले, चहा आला की मी विचारायचो, घरात काही जुनी विलायती भांडी आहेत का. लोक आधी माझ्याकडं बघायचे, मग म्हशीकडं.

जुनी चिनी भांडी स्वयंपाकघरात शोधायची नाहीत हे मला लवकरच कळलं. घरातल्या बाईच्या लेखी भांड्यांचे तीन प्रकार असायचे. तांब्या-पितळ राखेनं, चिंचेनं घासलं की पुन्हा शुद्ध. काच आणि चिनी धुतली की चालते, पण चुलीपासून लांब बरी. आणि माती म्हणजे एकदा विटाळली की टाकूनच द्यायची. त्यामुळं चिनी भांडी सापडायची ती ओसरीच्या कोनाड्यात, नाहीतर गोठ्याच्या वळचणीला. वळचणीला खोचलेली ती वेगळी कपबशी कुणाला चहा देण्यासाठी असते हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नामांतराचे दिवस होते. एसटीत, पारावर, आमच्या दवाखान्याच्या कट्ट्यावर माणसं विद्यापीठाच्या नावावरून एकमेकांच्या अंगावर जायची, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर ती कपबशी वळचणीला तिथंच असायची. मी हात घालून ती खाली काढायचो आणि तळ बघायला उपडी करायचो तेव्हा घरमालक ओशाळून म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या साहेब, ती आपल्यासाठी न्हाई." त्या वाक्याचा मला संताप यायचा आणि तळावर कारखान्याचा शिक्का दिसला की त्याहून जास्त संताप यायचा. इतका मी वाया गेलेलो होतो.

कपाट भरलं. निळी झाडं, निळे पूल, निळे पक्षी. बायकोनं कपाटाला दवाखाना असं नाव ठेवलं होतं, कारण त्यातल्या एकाही ताटलीची कड धड नव्हती. शेवटी एका सुट्टीत सगळ्या ताटल्या जुन्या धोतरात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत घालून मी हैदराबादला नेल्या. तिथं या विषयातले एक जाणकार गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावून एकेक ताटली बघितली आणि बाजूला ठेवत गेले. सगळ्या छापाच्या निघाल्या, कारखान्यातल्या, डेल्फ्टच्या मागाहूनच्या. चित्र हातानं काढलेलं नव्हतं, कागदावरून उतरवलेलं होतं. गृहस्थ सभ्य होते, त्यांनी मला चहा पाजला. मी ती पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनात उभा होतो तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

परत आलो आणि ठरवलं, नाद बंद. पुस्तकसुद्धा माळ्यावर टाकलं. आणि त्याच हिवाळ्यात ताडकळसजवळच्या एका गावातून माणूस बोलवायला आला. म्हैस अडली होती.

घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं. म्हशीच्या पोटातलं रेडकू आडवं आलेलं होतं. मी खांद्यापर्यंत हात घालून त्याला फिरवलं, ओढून काढलं, म्हैसही वाचली. घरातली सून गरम पाणी, साबण, टॉवेल घेऊन उभी होती. हात धुऊन ओसरीवर आलो तर घरचे म्हातारे गृहस्थ बाजेवर बसलेले. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी उशाजवळचं पानाचं सामान पुढं ओढलं, सुपारी कातरली आणि अडकित्ता खाली टाकला. टण्ण असा आवाज व्हायला हवा होता. तो झाला नाही. बद्द असा झाला. चिनी मातीवर लोखंड आपटलं की असा आवाज येत नाही.

मी खाली बघितलं. पानं, चुन्याची डबी, तंबाखू, लवंगा, आणि त्या सगळ्याच्या खाली एक ताटली. पांढऱ्यात किंचित निळसर झाक असलेला लेप, त्यावर झपाझप मारलेले ब्रशचे फटकारे. एक झाड, एक मोडकं कुंपण, पाण्याकाठी गळ टाकून बसलेला एक चिनी माणूस. ज्यानं तो काढला त्यानं जन्मात चिनी माणूस पाहिलेला नसणार, कारण त्याची टोपी उलट्या पाटीसारखी होती आणि एक हात दुसऱ्याच्या दुप्पट. मी परवानगी न विचारता तंबाखू बाजूला सारून ताटली उपडी केली. मागं भट्टीत टेकू दिल्याच्या तीन खुणा, पुस्तकात होत्या तशाच. कडेचा टवका उडाला होता तिथं आतली पिवळट तांबूस माती उघडी. ताटली मी दोन्ही हातांनी धरली. रेडकूसुद्धा इतकं जपून धरलं नव्हतं.

"काय बघायलाव साहेब?" आबांनी विचारलं.

"आबा, ही कुठून आली?"

"आमच्या आज्यानं हिंगोलीच्या छावणीत घोड्याला गवत पुरवलेलं हाय. साहेब मेला, तवा त्याच्या सामानाची हरास झाली. आज्यानं खोगीर आणायला पाहिजे व्हतं, ही आणली. आजी म्हणं लय बोलली त्याला."

मग त्यांनी बोट लावून मला चित्र समजावून सांगितलं. "ह्यो येलदरीचा भोई हाय. धरण झाल्यापून गळ टाकून बसलाय, अजून मासा लागंना."

"आबा, ताटली धरणाच्या कितीतरी आधीची आहे."

"मंग तर लयच बेकार भोई हाय," आबा म्हणाले आणि अडकित्ता पुन्हा ताटलीत टाकला.

पुढची काही वर्षं मी त्या अडकित्त्याच्या आवाजात काढली. त्या बाजूला काम असो नसो, माझी स्कूटर त्या गावात वळायचीच. कधी लसीकरण, कधी वासराचे जंत, काहीच नसलं तर नुसती म्हशीची पाठ थोपटायची. आणि प्रत्येक वेळी ओसरीवर बसलं की आधी कड बघायची. नवा टवका दिसायचाच. कथलाचा लेप फार नाजूक असतो, लोखंडापुढं त्याचा काय निभाव लागणार. मी आबांना नाना परीनं सांगून पाहिलं. अडकित्त्याखाली फडकं ठेवा म्हटलं, तर म्हणाले फडक्याला चुना लागतो. परभणीहून पितळेचा सुंदर पानाचा डबा आणून दिला, आत खण, वर कडी. आबांनी तो कौतुकानं बघितला, सगळ्या गल्लीला दाखवला, त्यात सुपारीचा साठा भरला आणि डबा ताटलीत ठेवला. आता अडकित्त्याबरोबर डबाही आपटू लागला. मी कपाळावर हात मारून घेतला.

"द्या ना मला ती, आबा," असं मी सरळसुद्धा म्हणून पाहिलं. त्यावर ते चिडायचे. "माझ्या आज्याच्या, बापाच्या उशाशी व्हती ही. दोघंबी हिच्याकडं बघत गेले. मी कामून देऊ?" एकदा मात्र, बहुधा माझं तोंड बघून, ते मवाळ झाले. मुलाला आणि सुनेला हाक मारून समोर उभं केलं. "ऐका. मी हाय तवर हिला हात लावायचा न्हाई. मी गेलो की ही डॉक्टरची. अमानत समजा. कळलं का?" मुलानं मान हलवली. सून म्हणाली, "व्हय मामंजी." आणि ती तशीच बाई होती, एकदा हो म्हणाली की झालं. तिच्या घरात मी कधी उष्टं भांडं लोळत पडलेलं पाहिलं नाही. मला खूप बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, कारण मी एका म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसलो होतो.

त्यानंतरच्या एका पोळ्याला आबांनी मला जेवायला बोलावलं. बैलांच्या डॉक्टरला पोळ्याला मान असतो. घर पाहुण्यांनी भरलेलं, बैल रंगवून, झुली घालून मिरवून आलेले, पुरणपोळ्यांचा वास थेट रस्त्यापर्यंत. जेवणं झाल्यावर पानं खायला सगळे ओसरीवर बसले. त्यांत आबांचे जावई होते, परभणीत कुठल्याशा हापिसात कामाला. पायजम्याची इस्त्री मोडू नये म्हणून ते बसतानाही जपून बसत. त्यांनी ताटलीकडं बघून नाक मुरडलं. "आबा, हे काय चिनीचं फुटकं घेऊन बसलाव? असल्या चिनीच्या ताटल्या आमच्याकडं ढिगानं हायत. टाका की. फुटकं घरात ठेवू नये."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं बायकोचं, वरच्या साहेबांचं, गावोगावच्या लोकांचं ऐकून घेतलेलं सगळं एकदम उसळून वर आलं. वर पुरणपोळी आणि तूप.

"चिनी?" मी म्हणालो. "ही चिनी नाही! चिनी कुठं आणि ही कुठं! चिनी भांडी वाटेल तिथं मिळतात. ही माती आहे, माती! आपल्या कुंभाराच्या माठाची असते तशी साधी भाजलेली माती. वर नुसता कथलाचा लेप आहे. म्हणून तर हिची किंमत!"

जावई हसले. "वरून तर चिनीच दिसायली."

मग मी ताटली रिकामी केली, टवक्याची जागा धोतराच्या सोग्यानं पुसली (पोळ्याला मी धोतर नेसलो होतो) आणि सगळ्यांच्या देखत तिथं जीभ लावली. "बघा, जीभ चिकटते. चिनी कधी चिकटत नाही. भाजलेली माती ओल शोषते, म्हणून चिकटते. तुम्हीही लावून बघा." जावई मागं सरकले. सुनेनं तोंडाला पदर लावला. आबांनी मात्र ताटली हातात घेतली, ऐटीत जीभ लावली आणि म्हणाले, "चिकटायली की रं!" मग काय, ज्याला त्याला लावून बघायची होती. पाणी भरायच्या रांजणाचा फुटका काठ आणून तोही चाखून झाला. दोन्ही सारखंच चिकटतंय यावर ओसरीचं एकमत झालं. सून दारातून हे सगळं नीट बघत होती. मी जिंकलो होतो. परतताना स्कूटरवर मी चक्क गाणं म्हणत होतो.

आबा गेले ते नामांतराचा निर्णय झाला त्या जानेवारीत. वातावरण तापलेलं, एसटी कुठं चालू तर कुठं बंद, रस्त्यात टायर जळलेले. आम्हाला वरून तोंडी सांगणं होतं की मुख्यालय सोडायचं नाही. आबांच्या गावचा एक जण शेळी घेऊन दवाखान्यात आला तेव्हा त्यानं खबर सांगितली. झोपेतच गेले म्हणाला. मला वाईट वाटलं. त्यांचा आवाज, त्यांचा भोई, सगळं आठवलं. पण खोटं कशाला बोलू, दुःखाच्या मागोमाग ताटली आठवली आणि मी ती शेळी तपासताना एकदा हसलोसुद्धा. शेळीवाल्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं.

जायला जमेना. रोज वाटायचं उद्या निघू आणि रोज काहीतरी आडवं यायचं. मी मनाची समजूत घालत होतो की घाई कशाची, अमानत आहे, सून शब्दाची पक्की आहे. कपाटाची पहिली फळी रिकामी केली. खाली मखमलीचं कापड अंथरलं. बायको म्हणाली, "एवढी तयारी तर तुम्ही माझ्या माहेरच्यांसाठीसुद्धा कधी केली नाही."

शेवटी रस्ते मोकळे झाले तेव्हा गेलो. आबांचा दहावा होऊन गेला होता. घर शेणानं सारवलेलं, दाराशी नवा कोरा रांजण, त्यावर नवा माठ. मुलाशी दोन शब्द बोललो, आबांच्या रिकाम्या बाजेकडं बघितलं. उशाशी काही नव्हतं. जपून ठेवली असणार, असं मनाशी म्हणालो.

चहा झाल्यावर सून आत गेली आणि फडक्यात गुंडाळून काहीतरी घेऊन आली. सोडलं तर माझाच पितळेचा डबा. चिंचेनं घासून इतका लख्ख केलेला की त्यात माझं तोंड दिसत होतं. आत अडकित्ता, तोही घासलेला.

"मामंजींनी सांगितलं व्हतं, डॉक्टरसाहेबाला द्या म्हणून."

"आणि ताटली?"

"ती टाकली की साहेब."

"टाकली म्हणजे?"

"दहाव्याला मातीचं समदं टाकलं. रांजण, माठ, दह्याचं मडकं, आन् ती. मामंजी गेले तवा उशालाच व्हती. मातीचं सुतक कसं फिटन?"

"अहो पण ती माठासारखी माती नव्हती!" मी ओरडलोच. मुलगा गोठ्यातून धावत आला.

सून घाबरली नाही. तिला खरंच कळत नव्हतं की मी असं का बोलतोय. "तुमीच तर म्हणले साहेब. पोळ्याला. समद्या पावण्यांम्होरं जीभ लावून दाखवलं, चिनी न्हाई, माठाचीच माती हाय म्हणून. आमी तवर चिनीच समजायलो व्हतो." मग तिनं डब्यावरून हात फिरवला. "चिनी असती तर धुऊन ठिवली असती. ह्या डब्यावानी."

इतकी वर्षं हैदराबादपासून हिंगोलीपर्यंत जे कुणी ऐकून घेतलं नाही, ते या एका बाईनं नीट ऐकून घेतलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि त्याप्रमाणं वागली होती. मला तिचा भयंकर राग आला आणि तो ठेवायला जागा मिळेना.

कुठं टाकली म्हणून विचारलं. गावाबाहेरच्या ओढ्यात. मी तडक निघालो. ओढा कोरडा होता आणि गावातल्या सगळ्या सुतकांची, सगळ्या ग्रहणांची खापरं तिथं पडलेली. टाकताना फोडूनच टाकतात. मी उकिडवा बसून शोधायला लागलो आणि काही वेळानं माझ्या लक्षात आलं की मला काहीच ओळखू येत नाहीये. उपडी पडलेली खापरं सगळी सारखी दिसत होती. तशी ताटलीच्या मागच्या बाजूलाही पांढरा लेप होता, पण त्यावर आता चिखल होता, राख होती, आणि फुटलेल्या कडेची माती तर माठाच्याच रंगाची. एकेक खापर उचलायचं, पॅंटला पुसायचं, उलटून बघायचं. दही लावलेलं, काजळी धरलेलं, हळदीकुंकवाचं, कुणाकुणाच्या घरचं. असं करत करत एक निळा फटकारा मिळाला. मग कुंपणाचा तुकडा. मग भोयाचा तो दुप्पट लांबीचा हात. डोकं काही सापडलं नाही. मी तिथंच बसून आबांना शिव्या दिल्या, मग स्वतःला, मग त्या जावयाला. जावयाला जरा जास्तच.

वर बांधावर सून येऊन उभी होती. "साहेब, नगा शिवू त्याला. सुतकाचं हाय. आता आंघूळ करावी लागन तुमाला."

आणि मी केली. भर दुपारी त्यांच्या न्हाणीत, तिनं तापवून दिलेल्या पाण्यानं, आबांच्या मुलाचं धोतर नेसून बाहेर आलो. रुमालात बांधलेली खापरं मला घरात आणू दिली नव्हती, ती स्कूटरच्या डिकीत होती. मी निघणार तेवढ्यात सून आणखी एक कागदाचं पुडकं घेऊन आली.

"मातीचं टाकलं की त्या जागी नवं आणावं लागतंय. रांजण आणला, माठ आणला. मंग म्हणलं, तुमची बी आणावी. बाजारच्या दिवशी ताडकळसहून आणली. मामंजींचा शब्द हाय, तुमाला मोकळ्या हातानं कसं पाठवावं?"

पुडक्यात एक नवी कोरी चिनी ताटली होती. पांढरी, निळ्या फुलांची, छापाची. कड अगदी धड. तिनं बाजारात निळीच हवी म्हणून किती दुकानं हिंडून आणली असेल हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि छान आहे म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

घरी बायकोनं ती खापरं उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. भांडलो, पुस्तक दाखवलं, चित्रं दाखवली. ती म्हणाली, पुस्तक ठेवा, चित्रं ठेवा, दुसऱ्याच्या सुतकाचं खापर माझ्या घरात नको. दवाखान्यात न्यावं म्हटलं तर शिपाई म्हणाला, साहेब, इथं नगं. त्यामुळं ती राहिली स्कूटरच्या डिकीत, त्या रुमालातच. आयुष्यात मला मिळालेलं एकमेव खरं इंग्रजी डेल्फ्ट. पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं माझ्या मागच्या बाजूला खडखडत हिंडलं.

स्कूटर बंद पडून आता बरीच वर्षं झाली. अंगणात उभी असते, खाली मांजर वितं. मुलं म्हणतात भंगारात द्या, मी देत नाही. का देत नाही हे बायकोला माहीत आहे आणि ती त्या बाबतीत काही बोलत नाही. पाहुणे आले की मात्र ती स्वतः उठून कपाट उघडते आणि पहिल्या फळीवरची, मखमलीवरची ताटली काढून त्यांच्या हातात देते. ताडकळसची. सगळ्यांना तीच आवडते.